मूर्तींवरचा अनुस्वार

हमरापूरच्या एका गणपती कारखान्यातून जुलैमध्ये फोन आला. पेण तालुक्यातून जुलैत येणारा फोन टाळायचा नसतो. हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात त्या दिवसांत माणसाला जेवायला फुरसत नसते. त्यातून तो फोन करतो म्हणजे काम खरंच अडलेलं असतं.

"अरे, माझी यादी गेली," कारखानदार काका म्हणाले. "कॉम्प्युटरवर 'मूर्तींची यादी' होती. आता 'मूर्तीची यादी' दिसतेय. एकाच मूर्तीची! पोराने काहीतरी करून ठेवलंय."

जाऊन पाहिलं तर यादी जागच्या जागी होती. साडेतीनशेच्या वर नावं, प्रत्येकापुढे उंची, बैठक, पितांबराचा रंग आणि घेतलेली आगाऊ रक्कम. गेला होता तो फक्त अनुस्वार. खिडकीच्या वरच्या पट्टीवर फाइलचं नाव येतं, तिथे 'र्तीं'वरचं टिंब नव्हतं आणि रफाराचा शेंडाही कापला गेला होता. फोल्डर उघडून पाहिलं तर तेच नाव टिंबासकट धडधाकट.

काकांना हा चमत्कार वाटला. माझं अर्धं निदान तिथेच झालं. एकच नाव एका जागी बरोबर आणि दुसऱ्या जागी चुकीचं दिसत असेल तर खोट नावात नसते, दाखवणाऱ्यात असते. आणि ज्या अर्थी दोन जागी दोन तऱ्हा, त्या अर्थी दाखवणारेही दोन.

आधी या कॉम्प्युटरची कुळकथा सांगतो. डेस्कटॉप जुना, विंडोज ७ च्या काळातला, ४ जीबी रॅमचा. विंडोज ७ ला सुरक्षेची अपडेट मिळणं १४ जानेवारी २०२० ला बंद झालं. नवा कॉम्प्युटर घेण्यापेक्षा त्या पैशांत रंगकामाला आणखी एक कंप्रेसर घेईन, हा काकांचा हिशेब व्यवहाराला धरूनच होता. म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट घातलं, तेही एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असलेलं. यंत्र पळायला लागलं, पण घरात कुरकुर सुरू झाली. स्टार्टचं बटण कुठे गेलं, हे हिरवं काय आलं, पहिल्यासारखं का दिसत नाही. काकांचा मुलगा एमएस-सीआयटी झालेला आणि हौशी. त्याने हुबेहूब विंडोजसारखी दिसणारी थीम शोधून काढली आणि लावली. निळी पट्टी आली, चौकोनी बटणं आली, घर शांत झालं. अनुस्वार त्याच दिवशी गेला असणार. लक्षात यायला महिना लागला, कारण महिनाभर कुणी वरच्या पट्टीकडे पाहिलंच नव्हतं.

थीमला मराठीत 'दृश्ययोजना' वगैरे म्हणता येईल, पण पेणच्या बाजारात लग्नाच्या मांडवाचीही थीम असते आणि कॉम्प्युटरचीही, तेव्हा आपणही थीमच म्हणू. अडचण शब्दाची नाही, समजाची आहे. एका क्लिकमध्ये सगळं रूप पालटतं म्हणून थीम ही एक वस्तू आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ती पाच-सहा वेगळ्या वस्तूंची मोट असते आणि प्रत्येक वस्तूचा मालक निराळा. एक्सएफसीईमध्ये हे लपवलेलंही नाही. तिथे रूप बदलायच्या जागाच चार. 'अपिअरन्स'मध्ये बटणं, मेनू, आयकॉन आणि अक्षरं, 'विंडो मॅनेजर'मध्ये खिडकीची चौकट, वरची पट्टी आणि त्या पट्टीपुरतं अक्षर, 'माउस'मध्ये बाण, 'डेस्कटॉप'मध्ये वॉलपेपर. नवख्याला हा पसारा वाटतो. मला हा प्रामाणिकपणा वाटतो, कारण बिघाड झाला की कोणाचं दार ठोठावायचं ते निदान कळतं.

पेणहून रोह्याला गाडीने जा. कासू, नागोठणे, निडी, मग रोहा. इथपर्यंत मध्य रेल्वे. इथून पुढे कोकण रेल्वे. लांबच्या गाडीतल्या प्रवाशाला हा सांधा जाणवतही नाही. गाडी तीच, डबा तोच, चहावालाही तोच. पण रूळ कुणाचे, सिग्नल कुणाचा, कारभार कुणाचा हे रोह्याला बदललेलं असतं. कॉम्प्युटरच्या प्रत्येक खिडकीत असं एक रोहा आहे, वरच्या पट्टीच्या खालच्या कडेला. पट्टी, कडा आणि बंद करायची फुली हा विंडो मॅनेजरचा मुलूख. त्याखालचं सगळं त्या त्या प्रोग्रॅमचं, आणि तो ज्या साधनपेटीतून बांधला गेला तिचं. काकांच्या फोल्डरमध्ये नाव बरोबर दिसत होतं ते सांध्याच्या खाली. कापलं जात होतं ते सांध्याच्या वर.

साधनपेट्याही दोन आहेत, आणि त्याला इतिहास आहे. १९९६ मध्ये मथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने केडीई हा प्रकल्प जाहीर केला तो याच तक्रारीवरून, की युनिक्सवरचा प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दिसतो आणि वेगळा वागतो. त्याने क्यूटी ही पेटी निवडली. तिच्या परवान्यावरून वाजलं आणि १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केलं, ते जीटीके या दुसऱ्या पेटीवर. ही पेटी मुळात गिंप या चित्रांच्या प्रोग्रॅमसाठी बनवलेली. सगळं एकसारखं दिसावं म्हणून एक माणूस निघाला आणि दोन घराणी झाली! काकांच्या कॉम्प्युटरवर फाइल मॅनेजर जीटीकेचा आणि आरत्या लावायचा व्हीएलसी क्यूटीचा. मुलाने लावलेली थीम पट्टीची आणि जीटीकेची होती, क्यूटीची नव्हती, त्यामुळे व्हीएलसी आपल्याच रूपात राहिला. हा बिघाड नव्हे. क्यूटीच्या प्रोग्रॅमचं रूप बदलायला क्यूटी५सीटी नावाचा वेगळा प्रोग्रॅम घालावा लागतो. नाहीतर दुर्लक्ष करायचं. आरती ऐकायची असते, बघायची नसते, असं म्हणून काकांनी दुर्लक्ष केलं.

कारखान्यात थांबलो असताना मला ही गोष्ट आणखी नीट दिसली. मूर्ती एका हाताची नसते. एक जण साच्यातून सोडवतो, दुसरा जोड घासून गुळगुळीत करतो, मग पांढरा हात बसतो, मग गनने अंगाचा रंग, मग पितांबर, शेला, दागिने. आणि सगळ्यात शेवटी आखणी, म्हणजे डोळे. आखणी करणारा माणूस वेगळा असतो. त्याच्यासाठी उजेडाची जागा राखून ठेवतात आणि त्याच्याशी कुणी फार बोलत नाही. डोळा फसला तर आधीच्या सगळ्यांची मेहनत फुकट.

थीममध्ये आखणीची जागा अक्षराची. माझा आक्षेप इथेच आहे. बटणाच्या गोलाईवर आणि सावलीवर आठवडे घालवणारे थीमकार अक्षर तपासतात ते रोमन लिपीत. देवनागरीत कोणी लिहीत असेल हे बहुतेकांच्या मनातही येत नाही. रोमन अक्षराला वर-खाली लागणारी जागा बेताची असते. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, चंद्र, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, शिवाय जोडाक्षरांचे पाय. 'मूर्तींची' हा शब्द तर दोन्ही टोकं गाठतो. तळाला दीर्घ ऊकार, माथ्यावर रफार, वेलांटी आणि टिंब एकाच खांबावर. पेणच्या सबंध धंद्याचा हा शब्द आणि थीमच्या परीक्षेलाही हाच सगळ्यात कठीण.

आता पट्टीत नेमकं काय झालं ते सांगतो. एक्सएफसीईच्या खिडकीची पट्टी म्हणजे चित्रांचे तुकडे असतात. डाव्या कोपऱ्याचं चित्र, मधल्या भागाचं चित्र, बटणांची चित्रं. मधलं चित्र जेवढ्या पिक्सेल उंचीचं, तेवढीच पट्टी उंच. अक्षर मोठं झालं म्हणून पट्टी वाढत नाही. बाहेर जाईल ते कापलं जातं. त्यात दुसरी गोष्ट. मिंटचं नेहमीचं अक्षर 'उबुंटू' या फॉन्टचं आणि त्यात देवनागरी नाहीच. मराठी शब्द आला की यंत्रणा दुसऱ्या एखाद्या फॉन्टमधून अक्षरं उसनी आणते. ती कधी नोटोची असतात, कधी लोहितची, कधी गार्गीची. त्या यंत्रावर काय आहे त्यावर ठरतं. प्रत्येकाची ठेवण आणि उंची निराळी. माप एकाच्या अंगाचं आणि सदरा दुसऱ्याला, असा हा प्रकार.

उपाय तीन होते. एक, पट्टीची थीम बदलून उंच पट्टीची घ्यायची. एक्सएफसीईबरोबर 'डीफॉल्ट एचडीपीआय' नावाची येते, तिच्यात जागा भरपूर असते. पण घराला निळी पट्टीच हवी होती. दोन, अक्षर लहान करायचं. तीन, थीमच्या पोटात हात घालायचा.

आधी तिसरा करून पाहिला. थीम म्हणजे शेवटी एक फोल्डर असतो, आणि पट्टीचे आकडे 'थीमआरसी' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. मूळ फाइलला मात्र हात लावायचा नाही. थीमचा अख्खा फोल्डर नक्कल करून आपल्या घरच्या फोल्डरमधल्या 'थीम्स' या लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवायचा. त्याच्या नावाआधी टिंब असतं म्हणून तो लपलेला; फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की दिसतो. नकलेला वेगळं नाव द्यायचं आणि खेळ करायचा तो नकलेशी. सिस्टिमच्या फोल्डरमधल्या थीममध्ये केलेला बदल पुढच्या अपडेटमध्ये पुसला जातो आणि आपण काय केलं होतं ते आपल्यालाच आठवत नाही.

त्या फाइलमध्ये शीर्षक किती पिक्सेल खाली सरकवायचं, याची ओळ असते. मी ते दोन पिक्सेल खाली सरकवलं. टिंब आलं. रफारही सबंध आला. पण खालून 'मू'चा ऊकार कापला गेला, आणि काका चष्मा वर करून म्हणाले, "आता डोकं आलं, पाय गेले." एक पिक्सेल मागे घेतला, तेव्हा दोन्ही अर्धे अर्धे. मग दुसऱ्या उपायाची जोड दिली. पट्टीपुरता फॉन्ट बदलून मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला मुक्ता लावला, आकार एकाने कमी केला. मुक्तामध्ये रोमन आणि देवनागरी एकाच हाताने, एकमेकांच्या मापाने बसवलेली आहेत, उसनवारी संपते. 'मूर्तींची यादी' डोक्यापासून पायापर्यंत उभी राहिली. तासभर गेला. त्याचे पैसे मी घेतले नाहीत, पण मोदकाच्या आकाराची एक शाडूची छोटी मूर्ती घेतली.

अक्षराची गोष्ट निघालीच आहे तर थोडं विषयांतर. विंडोजवर वर्षानुवर्षं आपण ज्या 'मंगल' अक्षरात मराठी वाचलं ते र. कृ. जोशी यांचं. पडदा जाड्या ठिपक्यांचा होता त्या काळात, विंडोज २००० पासून, ते घरोघर पोचलं. त्याच्या 'ल'वर अनेक मराठी माणसं नाराज असत, कारण तो हिंदी वळणाचा, उभ्या दंडाचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये राज्य शासनाने मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' असं ठरवून दिलं. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये मराठी वळण असतं, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे यंत्राला सांगितलं तरच ते बाहेर येतं. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी निवडलंत की पुष्कळदा काही न करता 'ल' बदललेला दिसतो. ही थीमची चूक नसते आणि फॉन्टचीही नसते.

रोह्यात माझ्या शाळेतल्या एक बाई राहतात, निवृत्त होऊन खूप वर्षं झाली. त्यांचा फोन आला तो मोतीबिंदूमुळे. पांढरा पडदा डोळ्यांत घुसतो, म्हणाल्या, आणि बाण सापडत नाही. सौंदर्याच्या नावाने थीमला हसणाऱ्यांनी बाईंकडे एकदा जावं. काळी थीम लावली, बाण मोठा केला, 'अपिअरन्स'च्या फॉन्टच्या भागात डीपीआयचा आकडा ९६ वरून १२० केला. त्याने फक्त फॉन्ट मोठा होतो असं नाही. फॉन्टच्या मापाने आखलेल्या गोष्टीही वाढतात. बाई खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन: "अरे, बिल भरायला गेले, चौकटीत आकडे टाकते आणि काहीच उमटत नाही."

आकडे उमटत होते, काळ्यावर काळे. काळ्या थीममधला हा सगळ्यात जुना रोग. पान बनवणाऱ्याने अक्षराचा रंग काळा ठरवून टाकला आणि चौकटीचा रंग सांगितलाच नाही, ती पांढरीच असणार हे गृहीत धरलं. थीमने चौकट काळी केली. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि मध्ये बाई आंधळ्या. दोन रंग नेहमी जोडीने ठरवावेत हा साधा नियम, पण तो न पाळणारी पानं पैशाला पासरी आहेत. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये पानांचं रूप 'लाइट' निवडलं, बाकी डेस्कटॉप काळाच ठेवला, काम झालं. ऑपरेशननंतर बाईंनी पुन्हा पांढरी थीम लावली, आपल्या आपण, मला न विचारता.

रोह्यातच एका औषधाच्या दुकानात वेगळं दुखणं पाहिलं. सगळे आयकॉन कोरे, प्रत्येक फाइल म्हणजे एक पांढरा कागद. आयकॉनच्या थीमला घराणं असतं. तिच्या सूचीच्या फाइलमध्ये एक ओळ असते, 'माझ्याकडे नसेल तर अमक्याकडे बघा' अशा अर्थाची. अमक्याकडेही नसेल तर 'हायकलर' हा मूळ पुरुष. दुकानदाराने उतरवलेली थीम दुसऱ्या एका थीमच्या जिवावर होती आणि ती दुसरी त्याच्याकडे नव्हतीच. ती घातली, आयकॉन आले. एवढ्यावर येत नसतील तर आयकॉनची साठवलेली जुनी यादी, म्हणजे कॅश, नव्याने बनवावी लागते.

असलं काही दिसलं की मी पहिल्यांदा एकच करतो. त्या कॉम्प्युटरवर नवा वापरकर्ता तयार करून त्याच्या नावाने आत शिरतो. तिथे सगळं ठीक असेल तर सिस्टिम निर्दोष. दोष जुन्या माणसाच्या घरच्या फोल्डरमध्ये. तिथेही बिघडलेलंच असेल तर दोष सिस्टिमचा. पाच मिनिटांत निम्मा शोध संपतो. दोष घरचा निघाला तर एक्सएफसीईची सेटिंग 'कॉन्फिग' या लपलेल्या फोल्डरमध्ये, 'एक्सएफसीई४' नावाने असतात. बाहेर पडायचं, कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून काळ्या पडद्यावर जायचं आणि त्या फोल्डरचं नाव बदलायचं. पुसायचं नाही, फक्त नाव बदलायचं. पुन्हा आत आलात की कोरा डेस्कटॉप मिळतो, आणि जुनी सेटिंग शिल्लक असल्याने हवं ते परत आणता येतं. मिंटमध्ये सिस्टिमची प्रत काढून ठेवणारं टाइमशिफ्ट असतंच, पण घरचे फोल्डर ते आपणहून घेत नाही. घरच्या लपलेल्या फाइलीही घ्यायला सांगून एक प्रत आधी काढून ठेवली असेल तर एवढाही घोळ नको.

विंडोजवाल्यांना हे वाचून वाटेल, आम्ही सुटलो. मी स्वतः सुटलो नव्हतो. एक्सपी २००१ मध्ये आलं तेव्हा त्याचे रंग तीन, निळा, ऑलिव्ह आणि चंदेरी, आणि वॉलपेपर तो सगळ्या जगाने पाहिलेला हिरवा डोंगर. चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला हा फोटो. आमच्याकडे पावसाळ्यात पेण-खोपोली रस्त्यावर कुठेही उभं राहा, तसाच डोंगर दिसतो. तीन रंगांवर समाधान न मानणाऱ्यांनी मार्ग काढला होता. एक्सपी फक्त मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या थीम स्वीकारे. ती तपासणी करणारी 'यूएक्सथीम' नावाची फाइल बदलून टाकायची. मी ती बदलली, मशीन पुन्हा सुरू केलं, आणि ते लॉगिनच्या पुढे जाईना. दोन दिवस गेले, शेवटी सगळं फॉरमॅट करून नव्याने घातलं. घरच्यांना आजही वाटतं की हार्ड डिस्क गेली होती.

पायरेटेड कॉपीवाल्यांची थीम तर खुद्द मायक्रोसॉफ्टने हातात घेतली होती. २००८ मध्ये एक्सपीच्या बनावट प्रतींवर दर तासाला वॉलपेपर पुसून पडदा काळा होई. विंडोज ७ च्या सगळ्यात स्वस्त, स्टार्टर आवृत्तीत तर कायदेशीर गिऱ्हाइकालाही वॉलपेपर बदलता येत नसे. विंडोज १० ॲक्टिव्हेट केलेलं नसेल तर रंगरूपाची सेटिंग बंद आणि उजव्या कोपऱ्यात तो फिकट मजकूर कायमचा. पेणच्या बाजारात अनेक काउंटरवर तो मजकूर मी पाहिला आहे. तो थीमचा बिघाड समजून मला बोलावणारेही भेटले आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित मोफत अपडेट थांबली, त्यामुळे काकांच्या वाटेने येणारे वाढलेत.

थीम म्हणजे निरुपद्रवी रंगरंगोटी, हाही समज सोडावा. मार्च २०२४ मध्ये केडीईच्या दुकानातून एकाने 'ग्लोबल थीम' लावली आणि त्याच्या फाइली पुसल्या गेल्या. दुष्टपणा नव्हता, थीममधल्या प्रोग्रॅमची चूक होती. पण मुद्दा हा की केडीईच्या मोठ्या थीममध्ये रंग आणि चित्रांबरोबर चालणारा कोडही असतो, आणि तो आपल्या अधिकाराने चालतो. नुसत्या जीटीकेच्या थीममध्ये, पट्टीच्या चित्रांत किंवा आयकॉनमध्ये हा धोका नसतो. थीम लावण्यासाठी कुणी पासवर्ड मागून अनोळखी स्क्रिप्ट चालवायला सांगत असेल तर मी ती थीम लावत नाही, मग ती कितीही देखणी असो.

एक गोष्ट काकांना मी अजून सांगितलेली नाही. २०१९ मध्ये ग्नोमच्या अनेक प्रोग्रॅमकारांनी जाहीर पत्र लिहून मिंटसारख्या लिनक्सच्या वितरकांना विनवलं की आमच्या प्रोग्रॅमना परस्पर थीम लावू नका. तुमच्या थीममुळे बिघडतं आणि तक्रारी आमच्याकडे येतात. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. २०२२ मध्ये ग्नोम ४२ पासून त्यांच्या नव्या प्रोग्रॅमनी बाहेरची थीम जवळजवळ मानणंच सोडलं. मिंटवाल्यांनी यावर आपली वाट काढली. जुलै २०२४ च्या मिंट २२ मध्ये त्यांनी कॅल्क्युलेटर, स्कॅनर अशा काही प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या काढून जुन्या, थीम मानणाऱ्या आवृत्त्या ठेवल्या. या भांडणात मी मिंटच्या बाजूचा आहे. प्रोग्रॅम बनवणाऱ्याचा हक्क मान्य, पण यंत्र काकांचं आहे आणि बाईंचे डोळे बाईंचे आहेत.

त्याच पावसाळ्यात काकांकडे परत जावं लागलं, तेव्हा कॉम्प्युटरचं सगळं ठीक होतं आणि तक्रार कारागिराची होती. पुण्याच्या गिऱ्हाइकाने पांढऱ्या शेल्याचा फोटो पाठवला होता, कारागिराने संध्याकाळी पडद्यावर पाहून शेला मोतिया केला. रेडशिफ्ट चालू होता. सूर्य मावळला की पडदा पिवळसर करणारा हा प्रोग्रॅम डोळ्यांसाठी चांगला, रंगकामासाठी वैरी. तो बंद केला आणि फोटो दिवसाच बघायचे असं ठरलं. चार मूर्तींचे शेले पुन्हा रंगवावे लागले.

तुम्ही नवी थीम लावलीत तर एक करा. एखाद्या फाइलला 'मूर्तींची यादी' असं नाव द्या, ती उघडा आणि वरच्या पट्टीकडे बघा. टिंब किंवा ऊकार कापला जात असेल तर पडद्याचा फोटो काढून थीम बनवणाऱ्याला पाठवा, मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना. मी आजवर तिघांना पाठवला. दोघांनी पट्टी उंच केली.